टोपीच्या सांध्यातली फट: ती कुठून येते आणि कशी बुजवायची

टोपी खिडकीसमोर धरा, आत दोन्ही हातांची बोटं घाला आणि हलकेच ताणा. बाकी वीण एकसारखी दिसेल, पण एका जागी शेंड्यापासून काठापर्यंत उजेडाची शिडी उतरलेली असेल. दर फेरीला एक पायरी. क्रोशाची टोपी विणायला बसलेली जवळजवळ प्रत्येक बाई या शिडीपाशी कधी ना कधी अडते आणि आपला हात सैल आहे असं समजून गप्प बसते. हात सैल नसतो. त्या जागी खांबाऐवजी आपण दुसरंच काहीतरी उभं केलेलं असतं.

माझं पहिलं टोपडं जाऊबाईंच्या नातवाच्या बारशासाठी होतं. आदल्या दिवशी ते शेजारच्या अक्कांना दाखवलं. त्या कानडी, आम्ही मराठी; बेळगावातल्या वडगावच्या आमच्या गल्लीत दोन्ही भाषा एकाच कट्ट्यावर बसतात. अक्कांनी टोपडं फिरवून फिरवून बघितलं, "चलो ऐति", छान आहे, म्हणाल्या आणि अंगठा नेमका त्या भोकात घातला. "इल्लि संदु बिद्दैति नोड्रि." इथं फट पडलीय बघा. कानडीत संदु म्हणजे फट. आपण त्याच जागेला सांधा म्हणतो. आमचा शब्द जोड सांगतो, त्यांचा शब्द भोक सांगतो, आणि माझ्या टोपड्यात दोन्ही एकाच ठिकाणी होतं.

बारसं तसंच झालं. टोपड्यावर एक फूल शिवून भोक झाकलं. पण पुढच्या थंडीपर्यंत मी त्या सांध्याच्या मागे लागले होते, आणि हाताला जे सापडलं ते सगळं इथं लिहिते आहे.

आधी शब्दांचं जुळवू

साखळी सगळ्यांना माहीत आहे. मुका खांब म्हणजे सुईवर वेढा न घेता टाक्यात सुई घालायची, दोरा ओढायचा आणि दोन्ही फासांतून एकदम काढायचा, तो बुटका टाका. अर्ध्या खांबाला आधी एक वेढा, मग तिन्ही फासांतून एकदम. खांबालाही एक वेढा, पण फास दोन-दोन करून दोनदा सोडायचे. सरकता टाका, म्हणजे स्लिप स्टिच, त्याला उंचीच नसते. तो फक्त जोडतो. टाक्याच्या वर दोन दोऱ्यांची वेणीसारखी जोडी दिसते, तिला मी डोकं म्हणते. सुई म्हणजे क्रोशाची आकड्याची सुई. शिवायच्या सुईला शिवायचीच सुई म्हणेन.

आता एक गोंधळ, ज्यातून थेट भोक पडतं. इंग्रजी नमुन्यांत दोन पद्धती चालतात. अमेरिकन पद्धतीत ज्याला डबल क्रोशे म्हणतात तो आपला खांब, पण ब्रिटिश पद्धतीत त्यालाच ट्रेबल म्हणतात. आणि ब्रिटिश डबल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब. फोनवर व्हिडिओ एका देशाचा आणि हातात कागद दुसऱ्या देशाचा असला, की बुटक्या मुक्या खांबांच्या फेरीच्या सुरुवातीला तीन साखळ्या उभ्या राहतात. बसक्या घरांच्या ओळीत विजेचा खांब असावा तशी ती साखळी दिसते आणि तिच्या बाजूला फट पडणारच. नमुन्यात 'सिंगल क्रोशे' हा शब्द कुठेही असेल तर तो अमेरिकन, कारण ब्रिटिश पद्धतीत हा शब्द वापरत नाहीत. चिन्हांचा तक्ता असेल तर सगळ्यात बरं: उभ्या रेघेवर आडवी टोपी आणि मध्ये एक तिरकी रेघ म्हणजे खांब, मग नमुना कुठल्याही देशाचा असो.

फट कुठली, ते ओळखा

सगळ्या फटी एका कारणाच्या नसतात. दुरुस्तीला हात घालण्याआधी टाके मोजा. हे काम कंटाळवाणं आहे आणि मीही ते टाळायचे, पण मोजल्याशिवाय कळतच नाही.

शेंड्यापासून खाली विणत येणारी साधी खांबांची टोपी घ्या. पहिल्या फेरीत १२ खांब. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, म्हणजे २४. तिसरीत एकाआड एक वाढ, ३६. चौथीत दोन सोडून वाढ, ४८. पाचवीत तीन सोडून, ६०. चार मिलिमीटरची सुई आणि मध्यम जाडीची बाळलोकर असेल तर माझ्या हाताला ६० टाक्यांचा घेर ३८ ते ४० सेंटिमीटर येतो. तुमचा हात वेगळा असेल. आधी पाच फेऱ्यांची चकती करून बघा. टोपीचा घेर डोक्याच्या घेरापेक्षा तीन-चार सेंटिमीटर कमी धरायचा, म्हणजे ती बसते. त्या घेराला ३.१४ ने भागलं की चकती किती रुंद झाल्यावर वाढवणं थांबवायचं ते कळतं. ३८ चा घेर हवा तर १२ सेंटिमीटरच्या चकतीवर थांबा.

आता मोजणी. टाके बरोबर ६० आहेत आणि तरी शिडी दिसते? मग दोष सुरुवातीच्या साखळीचा. टाके दर फेरीला एकेक करून कमी होत गेलेत, ६०, ५९, ५८? मग तुम्ही फेरीचा पहिला किंवा शेवटचा टाका सोडता आहात आणि ते भोक म्हणजे खरोखरच न विणलेलं घर आहे. टाके वाढत गेलेत आणि सांध्याशी फुगवटा आलाय? मग तुम्ही सरकत्या टाक्याच्या डोक्यातही एक खांब घालता आहात. मोजणी बरोबर, शिडी नाही, फक्त एखाद्याच फेरीत मोठं भोक? तिथं विणकाम अर्धवट ठेवून उठला असाल आणि फास ताणला गेला असेल, दुसरं काही नाही.

शेवटचा टाका सुटतो त्याचं कारण डोळ्यांना फसवणारं आहे. जोडताना सरकता टाका ओढला की त्याच्या शेजारचं डोकं आक्रसतं आणि त्याच्याखाली दडतं. फेरी संपत आली की वाटतं, झालं सगळं, आता जोडूया. एक डोकं तसंच राहतं. माझ्या खानापूरच्या मामीचं विणकाम माझ्यापेक्षा कितीतरी सुबक, पण तिच्या टोप्या नेहमी खाली निमुळत्या व्हायच्या. ती म्हणायची, लोकर आटते. लोकर आटत नव्हती, दर फेरीला एक टाका गळत होता.

उपाय एका सेफ्टी पिनचा. फेरीतला पहिला खरा खांब झाला रे झाला की त्याच्या डोक्यात पिन अडकवायची. खांब होताक्षणी, नंतर नाही. नंतर ते डोकं ओळखूच येत नाही. फेरी संपली की त्याच पिनेच्या डोक्यात जोडायचं. पिनेच्या आधीच्या सगळ्या डोक्यांत विणलं गेलं आहे ना, एवढंच बघायचं. लहानशी बिनटोकाची खूणपिन मिळाली तर उत्तम, नाहीतर वेगळ्या रंगाचा दोऱ्याचा तुकडा. आईच्या मंगळसूत्रातल्या पिनेनंसुद्धा मी काम भागवलंय.

साखळीला खांब समजू नका

आता मुख्य गोष्ट. जुन्या पद्धतीत फेरीच्या सुरुवातीला तीन साखळ्या विणायच्या आणि त्यांनाच पहिला खांब म्हणायचं. तीन साखळ्यांची उंची खांबाइतकी असते, हे खरं. पण खांबाला जाडी असते, त्याच्या अंगाला वेढा असतो, तो पायाशी रुंद असतो. साखळी नुसती दोरी. शिवाय ती सरकत्या टाक्याच्या आकसलेल्या गाठीवर उभी राहते, म्हणून थोडी तिरकी पडते. दोन जाड खांबांच्या मध्ये एक बारीक दोरी उभी केली तर दोन्ही बाजूंनी उजेड येणारच. हात कितीही घट्ट केला तरी साखळी जाड होत नाही. उलट घट्ट साखळी आणखी बारीक होते आणि फट वाढते.

सगळ्यात सोपी सुधारणा अशी. तीनऐवजी दोनच साखळ्या विणा, आणि त्या मोजू नका. त्याच टाक्यात, ज्यात सरकत्या टाक्यानं जोडलं त्याच डोक्यात, पहिला खरा खांब घाला. पिन त्या खांबाला. फेरीच्या शेवटी साखळीला पूर्ण बगल देऊन पिनेच्या डोक्यात जोडा. साखळी खांबाच्या पाठीला चिकटून राहते आणि फट बरीच लपते. शिकाऊ हाताला मी हेच सांगते. यात एक ठेंगू फुगवटा राहतो, पण सांधा मागं ठेवून टोपी घातली की कुणाला दिसत नाही.

मला मात्र दिसतं. म्हणून मी साखळी टाकूनच दिली. त्याच्या दोन वाटा आहेत, आणि दोन्ही शिकून ठेवाव्यात.

पहिली वाट: एकावर एक दोन मुके खांब. जोडून झालं की साखळी न घालता त्याच डोक्यात एक मुका खांब विणा. आता तो नीट निरखा. त्याला दोन पाय आहेत, उलट्या पडलेल्या चिमट्यासारखे. त्यातल्या डाव्या पायाखालून, म्हणजे डावीकडच्या एकाच उभ्या दोऱ्याखालून, सुई घाला, दोरा ओढा आणि दोन्ही फासांतून काढा. पहिल्या मुक्या खांबाच्या खांद्यावर दुसरा मुका खांब बसला. दोन्ही मिळून उंची खांबाएवढी, जाडीही जवळपास तेवढीच. पिन वरच्या मुक्या खांबाच्या डोक्यात. हा मोजायचा; हाच फेरीचा पहिला खांब. पुढचा खांब मग पुढच्या डोक्यात. डावऱ्या हातानं विणणाऱ्यांनी डाव्या पायाऐवजी उजवा पाय धरायचा, त्यांचं सगळं आरशातल्यासारखं उलटं.

पाय सापडत नसेल तर मुका खांब जरा सैल विणा. गडद लोकरीवर रात्री दिव्याखाली हे शिकायला बसू नका. काळ्या लोकरीत पाय शोधता शोधता माझा एक रविवार गेला. फिकट, गुळगुळीत, न फुलणारी लोकर घ्या.

दुसरी वाट: साखळीविना खांब. ही हाताला बसायला वेळ लागतो, पण बसली की दुसरी पद्धत नको वाटते. जोडल्यावर सुईवर एकच फास आहे. तो वर ओढून खांबापेक्षा किंचित कमी उंच करा, साधारण एक सेंटिमीटर. तो फास सुईच्या दांड्यावर तर्जनीनं दाबून धरा, सोडू नका. आता सुईला त्या लांब फासाभोवतीच एक गिरकी द्या: सुईचं तोंड फासाच्या पुढून खाली न्या आणि मागून वर काढा. लोकरीच्या गोळ्यातल्या दोऱ्याचा नव्हे, त्या फासाचाच वेढा सुईवर पडला. एरवी खांबाच्या आधी आपण वेढा घेतो ना, त्याच्याच जागी हा. तर्जनी तशीच दाबलेली. मग त्याच डोक्यात सुई घाला, दोरा ओढून आणा, आणि नेहमीच्या खांबासारखं दोन सोडा, पुन्हा दोन सोडा. तर्जनी आता उचला.

पहिल्या पाच-सहा वेळा वेढा सुटेल किंवा फास लोंबकळेल. फास जास्त उंच ओढला तर भोक उलट मोठं होतं. खांब पूर्ण झाल्यावर त्याच्या कडेला सैल दोरा लोंबत असेल तर उसवून फास थोडा ठेंगणा घ्या. कसलीही लाज न बाळगता उसवा. एका फेरीचा पहिला टाका उसवायला दोन सेकंद लागतात, पूर्ण टोपीची शिडी बुजवायला एक दुपार.

अर्ध्या खांबाच्या टोपीला एवढा खटाटोप नको: मोजायची नाही अशी एक साखळी आणि त्याच डोक्यात पहिला अर्धा खांब. उंचीतला फरक इतका कमी असतो की फट जवळजवळ पडत नाही. नुसतं ऊबदार आणि फट नसलेलं काही पटकन हवं असेल तर अर्ध्या खांबाचीच टोपी करा, हे माझं मत. खांबाची टोपी भराभर होते खरी, पण चिकोडी-निपाणीकडे ऊसतोडीच्या हंगामात पहाटे फडात जाणाऱ्या माणसाला खांबाच्या घरांमधून येणारा वारा चांगलाच कळतो.

जोडायचं कसं

आमच्याकडच्या आज्ज्या नेसायच्या त्या इरकल लुगड्यांत अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा वेगवेगळे असतात. दोन्ही ताणे फासात फास अडकवून जोडलेले असतात. टोपे तेणी म्हणतात त्याला. लुगडं उलटं करून पदर सुरू होतो तिथं बोट फिरवलं की ती रेघ लागते, पण जाड गाठ लागत नाही. आज्जीच्या लुगड्यावर बोट फिरवतानाच माझ्या डोक्यात आलं की टोपीच्या सांध्यातही जास्तीचा दोरा नको, नुसता फासातून फास हवा.

नेहमीच्या सरकत्या टाक्यात आपण पहिल्या डोक्यात सुई घालतो, नवा दोरा ओढतो आणि तो डोक्यातून आणि सुईवरच्या फासातून काढतो. त्यानं वर एक जास्तीची डोक्यासारखी जोडी तयार होते. हीच ती फसवी जोडी, जिच्यात चुकून टाका घातला जातो. तिच्याऐवजी असं करा: फेरीचा शेवटचा टाका झाला की सुई फासातून काढून घ्या. सुई पुढून मागे पहिल्या टाक्याच्या डोक्यात, म्हणजे पिनेच्या दोन्ही दोऱ्यांखालून, घाला. मोकळा सोडलेला फास तिच्या आकड्यात अडकवा आणि डोक्यातून पुढे ओढून घ्या. नवा दोरा घेतलाच नाही. आता लोकरीच्या गोळ्याकडचा दोरा एक हलका झटका देऊन ओढा, फास सुईच्या जाडीएवढा होऊ द्या, आणि साखळीविना खांब सुरू करा.

जोडण्यापूर्वीही एक झटका द्यायचा. शेवटच्या टाक्याचा फास थोडा सैल राहिलेला असतो. तो तसाच जोडला तर ती सैलावणी सांध्यात जाऊन बसते. दोरा ओढून घ्या, मग जोडा. उलटा दोषही होतो: जोड इतका आवळायचा की डोकं दिसेनासं होईल. मग पुढच्या फेरीत सुई शिरत नाही, आपण शेजारच्या दोऱ्यात खुपसतो आणि नवंच भोक पाडतो.

वाढीच्या फेऱ्यांत आणखी एक बारकावा आहे, तो नमुन्यांत क्वचितच लिहिलेला असतो. चौथ्या फेरीत 'एक, एक, एकात दोन' असं चाललं की फेरी नेहमी वाढीवर संपते. एका डोक्यातून निघालेले दोन खांब वर फाकतात, आणि सांधा त्यांच्या शेजारीच. फाकलेला खांब सांध्याला आणखी उघडतो. वाढ मध्ये घ्या: 'एक, एकात दोन, एक'. पाचवीत 'एक, एकात दोन, एक, एक'. मोजणी तीच राहते, पण सांध्याच्या दोन्ही बाजूंना सरळ खांब येतात. शिवाय वाढी एकावर एक न येता सरकतात, त्यामुळे चकतीला बारा कोपरे पडत नाहीत.

सांधा तिरका जातो त्याबद्दल घाबरू नका. उजव्या हातानं विणताना टाक्याचं डोकं त्याच्या पायापेक्षा थोडं उजवीकडे बसतं, म्हणून न उलटता विणलेल्या फेऱ्यांत सांधा हळूहळू उजवीकडे सरकतो. तो दोष नाही. सरळच हवा असेल तर दर फेरी जोडल्यावर काम उलटून पुढची फेरी आतल्या बाजूनं विणा. वीण थोडी वेगळी दिसते, सांधा मात्र उभा राहतो. मागच्या बाजूला गुंड्या किंवा पट्टी लावायची असेल तेव्हा मी हे करते, एरवी नाही.

सांधाच नको असेल तर

मुक्या खांबाची टोपी गोगलगायीच्या पाठीसारखी फिरत फिरत विणता येते. जोडायचंच नाही, शेवटच्या टाक्यानंतर पुढच्या फेरीचा पहिला टाका थेट पहिल्या डोक्यात. इथं तर पिनेशिवाय गत्यंतरच नाही, नाहीतर फेरी कुठं संपली ते कळत नाही. फट शून्य. पण काठाशी संपवताना पायरी राहते, म्हणून शेवटी उंची उतरवत या: मुक्या खांबावरून दोन सरकते टाके आणि मग थांबा. खांबांनी असंच गोल विणलं असेल तर शेवटी एक अर्धा खांब, एक मुका खांब, एक सरकता टाका.

पट्ट्यांच्या टोपीला हा उपाय चालत नाही, रंग बदलतो तिथं पायरी उठून दिसते. तिथं जोडूनच विणा, आणि रंग जोडतानाच बदला: जुन्या रंगाचा फास सोडून न देता सरकता टाका नव्या रंगानं ओढा. जुना दोरा आतून वर न्यायचा असेल तर सैल न्या. तो घट्ट ओढला की सांधा चुणतो आणि दोन्ही बाजूंना भोकं पडतात. तीन फेऱ्यांपेक्षा जास्त अंतर असेल तर दोरा सरळ कापा. लोकर वाचवायच्या नादात टोपी वाया जाते.

काठाची शेवटची फेरी

शेवटच्या फेरीत सरकता टाका घालूच नका. पंधरा सेंटिमीटर शेपूट ठेवून दोरा कापा आणि सुईवरचा फास ओढत राहा, शेपूट पूर्ण बाहेर येईपर्यंत. शेपूट शिवायच्या सुईत ओवा. पहिलं डोकं सोडून दुसऱ्या डोक्याच्या दोन्ही दोऱ्यांखालून सुई पुढून मागे न्या. मग परत येऊन शेवटच्या टाक्याच्या डोक्यात, जिथून शेपूट निघाली तिथंच, वरून खाली घाला, फक्त मागच्या दोऱ्यातून. हळूच ओढा. शेपटीचं एक खोटं डोकं तयार होतं आणि ते नेमकं पहिल्या डोक्यावर बसतं. शेजारच्या डोक्यांएवढं झालं की थांबा, जास्त ओढू नका. शेपूट आत एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवून लपवा. गाठ मारू नका. ती कपाळाला टोचते आणि धुण्यात सुटते.

शेंड्याच्या भोकाचंही इथंच उरकते. चार साखळ्या जोडून सुरुवात केली की मध्ये वाटाण्याएवढं भोक राहतं. बोटाभोवती दोऱ्याची कडी करून तिच्यात १२ खांब घातले आणि शेपूट ओढली की ते मिटतं. शेपूट कडीतून आणखी दोनदा फिरवा, नाहीतर महिन्याभरात कडी पुन्हा उघडते.

झालेली टोपी दुरुस्त करायची

एखादीनं आणून दिलेली, शिडी पडलेली तयार टोपी उसवायला मन होत नाही. ती आतून शिवता येते. त्याच रंगाची लोकर घ्या, सांध्याच्या लांबीच्या तिप्पट. बोथट टोकाची मोठी सुई हवी. दुकानात नसेल तर पोती शिवायचा बारीक दाभण चालेल, पण त्याचं टोक लोकरीचे पदर फोडतं, म्हणून दाभण उलटा धरा: दोरा ओवलेलं नाकाडं पुढे, टोक मागे. आज्जी गोधडीची सैल झालेली टीप अशीच आवळायच्या.

टोपी उलटी करून वाटीवर किंवा छोट्या पातेल्यावर चढवा, म्हणजे ती डोक्यावर असल्यासारखी ताणलेली राहील. न ताणता शिवलं तर घातल्यावर शिवण तटकते. शेंड्याकडून सुरुवात करा. पहिल्या फेरीत साखळीच्या पाठीमागचा एकच दोरा उचला, मग पलीकडच्या खांबाच्या अंगाचा एक दोरा, पुन्हा साखळीचा. असं नागमोडी जात प्रत्येक फेरीत दोन-तीनदा. दोरा पूर्ण टाक्यातून आरपार नेऊ नका, फक्त आतल्या बाजूचे दोरे उचला, नाहीतर बाहेरून टाचलेलं दिसतं. तीन फेऱ्या झाल्या की दोरा हळूच ओढा. फट मिटली पाहिजे, वीण चुणता कामा नये. टोपी काढून बोटांनी ताणून बघा आणि पुढे चला. काठाशी पोचलात की दोरा त्याच वाटेनं चार-पाच टाके परत आणा आणि कापा.

हा उपाय साखळीच्या फटीला आहे. टाके सुटून पडलेल्या भोकांना तो पुरत नाही; तिथं टोपी निमुळतीही झालेली असते आणि शिवून ती आणखी आवळते. अशी टोपी उसवलेली बरी. नाहीतर ती घरातल्या लहान डोक्याला द्या.

फूल किंवा गुंडी लावून झाकायची असेल तर झाका, मीही झाकलंय. फक्त तान्ह्या बाळाच्या टोपड्याला गुंडी किंवा मणी नको. ते तोंडात जातात. विणलेलं सपाट फूल, चहूबाजूंनी पक्कं शिवलेलं.

शेवटी धुणं. बाजारात मिळणारी बहुतेक बाळलोकर ॲक्रिलिकची असते. ती इस्त्रीनं किंवा वाफेनं सपाट करायला जाऊ नका. उष्णतेनं तिचा फुलोरा कायमचा मरतो आणि सांधा उलट चकाकायला लागतो. कोमट पाण्यात बुडवा, न पिळता पंच्यात गुंडाळून दाबा, पालथ्या पातेल्यावर चढवा आणि सांधा बोटांनी सरळ करून सावलीत ठेवा. बेळगावात डिसेंबरमध्ये संध्याकाळपर्यंत वाळते. खानापूरकडे पावसात मामीला दोन दिवस लागतात, आणि तेवढ्यात कुणीतरी ते पातेलं चहाला नेतं.